गाळातले पंचांग

गेल्या वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती आता स्वतः महाविद्यालयात इतिहास शिकवते. फराळ झाल्यावर तिने पिशवीतून एक वही काढली. १९९२ सालची, मी वर्गात सांगितलेल्या टिपणांची. एका पानावर तिच्या तेव्हाच्या वळणदार अक्षरात लिहिले होते : सिंधू संस्कृती, इ. स. पू. २३०० ते १७५०. ती म्हणाली, "सर, मी आता मुलांना २६०० ते १९०० सांगते. मधली तीनशे वर्षे आली कुठून?"

"नवीन संशोधन झाले," मी म्हणालो. शिक्षकाला उत्तर ठाऊक नसले की तो असेच काहीतरी म्हणतो. ती हसली आणि विषय बदलला. पण ती गेल्यावर ते उत्तर मला टोचत राहिले, कारण ते खोटे होते. या तीनशे वर्षांसाठी कोणी नवे शहर उकरून काढावे लागले नव्हते. कोळसा तोच होता, त्यावर केलेली मोजणीही तीच होती. तरी तारीख सरकली होती. आणि ती सरकल्याला १९९२ मध्येही वीस वर्षे होऊन गेली होती, म्हणजे चूक माझीच होती. या लेखाचा उगम त्या टोचणीत आहे.

ती २३०० ते १७५० ही चौकट कुठून आली, ते आधी सांगतो. १९६४ च्या फेब्रुवारीत 'सायन्स' या साप्ताहिकात डी. पी. अग्रवाल यांचा एक लहानसा निबंध आला. ते कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करत होते. कालीबंगन, लोथल अशा ठिकाणांहून आलेल्या नमुन्यांतला कार्बन-१४ मोजून त्यांनी दाखवले की हडप्पा संस्कृतीचा सगळा विस्तार इ. स. पू. २३०० ते १७५० एवढ्यातच बसतो. तोवर मॉर्टिमर व्हीलर यांची २५०० ते १५०० ही चौकट चालत होती, आणि ती बरीचशी मेसोपोटेमियाशी असलेल्या संबंधांवरून बांधलेली होती. अंदाजाच्या जागी मोजमाप आले. मुंबईच्या प्रयोगशाळेतून आलेला आकडा म्हणून आम्हा मंडळींना त्याचे विशेष अप्रूप होते, हेही कबूल केले पाहिजे.

एक खडा मात्र दाताखाली येत होता. इराकमधील उर येथील राजेशाही दफनभूमीत अकीकाचे लांबट मणी आणि पांढरी नक्षी कोरलेले मणी सापडले आहेत. ते सिंधू खोऱ्यातल्या कारागिरीचे. ती दफने साधारण इ. स. पू. २६०० ते २४५० या काळातली. संस्कृती २३०० ला सुरू झाली असेल, तर तिचे मणी त्याआधी दीड-दोनशे वर्षे उरच्या राणीच्या गळ्यात कसे? याला उत्तर म्हणून मण्यांचा काळ पुढे ढकलण्याचे प्रयत्न झाले. मोजलेल्या आकड्यावर शंका घ्यायचे मात्र आमच्यासारख्यांच्या मनातही आले नाही. आकडा प्रयोगशाळेचा होता ना!

मूळ कल्पना सोपी आहे. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरात नायट्रोजनपासून कार्बन-१४ तयार होत राहतो. तो हवेतून झाडात, झाडातून जनावरात जातो. जीव मेला की नवा पुरवठा थांबतो आणि असलेला साठा दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. उरला किती ते मोजले की वय मिळते. विलर्ड लिबी यांनी शिकागोत १९४९ मध्ये हे जुळवून दाखवले. त्यांनी ताळा घेतला तो इजिप्तच्या फेरो झोसर आणि स्नेफेरू यांच्या थडग्यांतल्या लाकडांवर, म्हणजे ज्यांचे वय आधीच ठाऊक आहे अशा वस्तूंवर. पुढे १९६० मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

पण या हिशेबात एक गृहीत होते. झोसरच्या काळात हवेत जेवढा कार्बन-१४ होता तेवढाच आजही आहे, असे ते गृहीत. तेलाचा दिवा किती वेळ जळत होता हे उरलेल्या तेलावरून सांगायचे, तर सुरुवातीला किती तेल घातले होते ते माहीत हवे. लिबींनी धरले होते की दर वेळी दिवा काठोकाठच भरलेला होता. १९५८ मध्ये ग्रोनिंगेनच्या हेसेल द फ्रीस यांनी दाखवले की तसे नसते. मग हान्स सुएस यांनी कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समधल्या ब्रिसलकोन पाइन वृक्षांची वलये हाती घेतली. ही झाडे हजारो वर्षे जगतात आणि मेल्यावरही त्यांची खोडे कोरड्या थंडीत टिकून राहतात. वर्षाला एक वलय. वलय मोजायचे आणि त्यातला कार्बन-१४ही मोजायचा. दोन आकडे शेजारी ठेवले की फरक दिसतो. सुएस यांनी काढलेली वाकडीतिकडी रेघ १९७० पर्यंत सर्वांसमोर आली होती. हडप्पाच्या काळात हवेतला कार्बन-१४ जास्त होता. त्यामुळे त्या काळचा कोळसा आहे त्यापेक्षा तरुण दिसतो.

याला इंग्रजीत कॅलिब्रेशन म्हणतात. मराठीत अंशशोधन असा शब्द आहे, पण शाळेत गणित सोडवल्यावर आपण जो ताळा पाहत असू तोच मला जवळचा वाटतो. ताळा घेतला की २३०० चे २६०० च्या मागेपुढे होतात आणि १७५० चे १९०० च्या. उरचे मणी आपसूक जागेवर बसतात. हडप्पाची तीनशे वर्षे अशी हवेतून आली. अग्रवालांची मोजणी चुकली नव्हती. दिवा काठापेक्षा वर भरलेला होता, एवढेच.

मी हे सगळे फोनवर त्या विद्यार्थिनीला सांगितले. मला वाटले, सुटलो. ती म्हणाली, "सर, मग आणखी एक सांगा. आमच्या संदर्भग्रंथात आहे की चार हजार दोनशे वर्षांपूर्वी पाऊसमान बदलले आणि शहरे मोडली. पुरावा अरबी समुद्रातल्या गाळाचा. शहरांची तारीख कोळशावरून, दुष्काळाची गाळावरून. समुद्रात झाडे नसतात. तिथला ताळा कशावर घेतात?"

या प्रश्नाने माझे पुढचे सात-आठ महिने खाल्ले. त्याचे उत्तर अरबी समुद्रात सुरू होत नाही. ते व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर सुरू होते.

तिथे कॅरिबियन समुद्रात, किनाऱ्याला लागूनच, कारियाको नावाचे एक खोलगट खोरे आहे. जवळजवळ १,४०० मीटर खोल. पण त्याचा उंबरठा दीडशे मीटरांपेक्षाही उथळ. त्यामुळे बाहेरच्या समुद्राचे ताजे पाणी फक्त वरच्या वर फिरते आणि सुमारे तीनशे मीटरांखाली प्राणवायूच उरत नाही. प्राणवायू नाही म्हणून तळाशी किडे नाहीत, गाळ उकरणारे कोणी नाही. जे पडते ते जसेच्या तसे राहते. आणि पडते तेही ऋतुमानाप्रमाणे. हिवाळ्यात आणि वसंतात व्यापारी वारे जोरात असतात. ते वरचे पाणी ढकलून नेतात, खालचे थंड, पोषक पाणी वर येते आणि सूक्ष्म जीवांची एकच झुंबड उडते. त्यांच्या कवचांचा फिकट थर तळाशी बसतो. मग पावसाचा पट्टा उत्तरेकडे सरकतो, नद्या गढूळ होतात आणि गडद मातीचा थर त्यावर पडतो. फिकट आणि गडद मिळून एक वर्ष. जाडी कशीबशी एक मिलिमीटर. आपल्याकडे विहीर खणताना मातीचे पट्टे दिसतात, तसे. फक्त इथे प्रत्येक पट्ट्याला साल आहे.

या खोऱ्यातला गाळ १९७० च्या सुमारापासून जहाजांनी वर काढला आहे. १९९० मध्ये काढलेल्या गाभ्यांवर कोनराड ह्यूगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले. आधी त्यांना हेच सिद्ध करावे लागले की जोडी खरोखर वर्षाचीच आहे. वरच्या अलीकडच्या थरांत शिसे-२१० मोजून ते त्यांनी पडताळले. मग थर मोजायला घेतले. एकेका मिलिमीटरची मोजणी, हजारो वर्षांची. ज्याने कधी जुन्या दप्तरातले रुमाल सोडून कागद लावले असतील त्याला या कामाचा कंटाळा आणि चटक दोन्ही कळतील. प्रत्येक ठराविक अंतरावर 'ग्लोबिजेरिना बुलॉयडिस' या एकपेशीय जीवाची चुन्याची कवचे वेचायची. वाळूच्या कणाएवढी कवचे, पण प्रवेगकाच्या साह्याने अगदी थोड्या मिलिग्रॅममधला कार्बन-१४ही मोजता येतो. म्हणजे झाडाच्या वलयासारखेच झाले : थर मोजून खरे वर्ष, कवच मोजून कार्बनचे वर्ष.

हे करायचे कारण असे की झाडे पुरत नव्हती. जर्मनीतले ओक आणि पाइन एकमेकांना जोडत जोडत मागे गेले तरी तेव्हा अखंड साखळी सुमारे ११,८०० वर्षांशी संपत होती. त्यापलीकडे हिमयुगाचा शेवट, युरोपात विरळ अरण्य, वलये तुटक. कारियाकोचे थर तिथून पुढे हात देत होते. साधारण १०,५०० ते १४,७०० वर्षांपूर्वीचे थर मोजले गेले आणि त्यातला तरुण भाग झाडांच्या वक्राशी चढउतार जुळवून बसवला. ही पहिली मोठी मांडणी १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये आली.

१४,७०० च्या पलीकडे तिथेही पट्टे सलग नाहीत. हिमयुगात समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर खाली होती, खोऱ्याचा उंबरठा जवळजवळ उघडा पडला होता. थंड काळात तळाला प्राणवायू मिळे आणि किडे गाळ कालवून टाकत. मग तिथे वर्षे मोजायची सोय राहिली नाही. त्यांनी गाळाचा रंग घेतला. उबदार काळात गडद पट्टेदार, थंड काळात फिका. ही चढउतार ग्रीनलंडच्या बर्फातल्या नोंदीशी जुळवली, नंतर चीनमधील नानजिंगजवळच्या हुलू गुहेतल्या चुनखडीच्या लवणस्तंभांशी. त्या स्तंभांचे वय युरेनियम-थोरियमने स्वतंत्रपणे काढता येते. मला इथे जरा अस्वस्थ वाटते. व्हेनेझुएला, ग्रीनलंड आणि चीन येथे हवामान एकाच वेळी बदलले असे धरल्याशिवाय ही जुळणी होत नाही, आणि ते एकाच वेळी बदलले का हाच तर पुष्कळदा प्रश्न असतो. तज्ज्ञांना हे ठाऊक आहे. त्यांनी त्यासाठी अनिश्चितता वाढवूनच धरली आहे. पण इतिहासाच्या पुस्तकात येईपर्यंत ती अनिश्चितता गळून पडते आणि आकडा तेवढा उरतो.

तरी २००४ मध्ये 'सायन्स'मध्ये कारियाकोची पन्नास हजार वर्षांची मांडणी आली तेव्हा चित्र पालटले, हे मान्य करावेच लागेल. चाळीस हजार वर्षांच्या आसपास कार्बनचे वय खऱ्या वयापेक्षा चार-पाच हजार वर्षांनी कमी भरते असे दिसले. सुमारे ४१,००० वर्षांपूर्वी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अगदी दुबळे झाले होते, विश्वकिरण जास्त आत आले, कार्बन-१४ वाढला. कुठे हडप्पाची तीनशे वर्षे आणि कुठे ही चार-पाच हजार! पॉल मेलर्स या केंब्रिजच्या पुराविदाने २००६ मध्ये हाच ताळा घेऊन आधुनिक मानव युरोपात कधी पसरला याचा हिशेब पुन्हा मांडला. पसरायला लागलेली सात हजार वर्षे आकसून पाच हजारांवर आली. निअँडरथल आणि आपले पूर्वज शेजारी राहण्याचा काळ तेवढाच आखूड झाला. फ्रान्समधील शोव्हे गुहेतली ३२,००० वर्षांपूर्वीची मानली गेलेली चित्रे ३६,००० वर्षांपूर्वीची ठरली. कोणीही एक कुदळ मारली नव्हती. जगाच्या दुसऱ्या टोकाला, गाळात, कोणीतरी मोजत बसले होते.

आता तिच्या प्रश्नाकडे येतो. समुद्राच्या पाण्यातला कार्बन हवेइतका ताजा नसतो. खोल पाणी शेकडो वर्षे हवेपासून दूर राहिलेले असते. ते वर आले की जुना कार्बन घेऊन येते. त्यामुळे समुद्रातला जीव जन्मतःच म्हातारा असतो. मी याला उसने वय म्हणतो. १९४० साली मालवणच्या किनाऱ्यावर मेलेला शिंपला तेव्हाच मोजला असता तरी तो काही शतके जुना निघाला असता. अणुचाचण्यांनी नंतर हवेतला आणि पाण्यातला कार्बन-१४ वाढवून ठेवला, म्हणून आजचा शिंपला या कामी चालत नाही. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील दत्ता, भूषण आणि सोमयाजुलू यांनी अणुचाचण्यांपूर्वी गोळा केलेले नमुने वापरून उत्तर हिंदी महासागराचे उसने वय काढले आणि ते २००१ मध्ये प्रसिद्ध केले. अरबी समुद्रात ते जगाच्या सरासरीपेक्षा जास्त निघते, कारण आपल्या नैर्ऋत्य वाऱ्यांनी खालचे पाणी वर येते.

कारियाकोतही हे उसने वय वजा करावेच लागले. ह्यूगेन यांनी ते ४२० वर्षे धरले आणि सगळ्या काळासाठी तेच धरले. इथे पुन्हा लिबींचे गृहीत मागच्या दाराने आत आले. सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी हवामान एकदम थंडावले. या काळाला यंगर ड्रायस म्हणतात. कारियाकोच्या नोंदीत त्याच्या आरंभी हवेतला कार्बन-१४ झपाट्याने चढलेला दिसत होता. अटलांटिकचे खोल अभिसरण मंदावले म्हणून तो हवेत साचला, असा अर्थ लावला गेला. पुढे मुशेलर, क्रोमर आणि सहकाऱ्यांनी त्याच काळातल्या स्वित्झर्लंड-जर्मनीतील झाडांची तुटक साखळी आणि बर्फातील बेरिलियम-१० यांच्याशी ते ताडून २००८ मध्ये दाखवले की चढ खरा असला तरी सगळा हवेचा नव्हता. त्या शतकांत कारियाकोचे उसने वयच कमी झाले होते. वारा बदलला, पाणी वर येण्याची रीत बदलली आणि ४२० हा आकडा तेवढा जागचा हलला नाही. थरांची मोजणी बरोबर, कवचांचे मोजमाप बरोबर, वजाबाकी चूक. त्यानंतर त्या काळची कारियाकोची वर्षे जास्त सावधपणे घेतली जाऊ लागली. २०२० चा आंतरराष्ट्रीय वक्र ५५,००० वर्षांपर्यंत जातो आणि त्याच्या जुन्या भागाचा मुख्य कणा आता हुलू गुहेचे स्तंभ आहेत.

अरबी समुद्रातही असे पट्टेदार गाळ आहेत. पाकिस्तानच्या किनाऱ्यासमोर, साधारण दोनशे मीटरांपासून हजार मीटरांच्या खालपर्यंत, पाण्यात प्राणवायू अतिशय कमी. तिथेही किडे नाहीत आणि कराचीजवळच्या गाळात पाच हजार वर्षांचे वार्षिक थर मोजले गेले आहेत. सिंधूच्या मुखासमोरच्या एका गाभ्यावर स्टाउबवासर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये लिहिले की ४,२०० वर्षांपूर्वी नदीचे पाणी घटल्याची खूण कवचांतल्या प्राणवायूच्या समस्थानिकांत दिसते. माझ्या विद्यार्थिनीच्या पुस्तकातले वाक्य या वंशातले. त्याच लेखकांनी आधीच्या कामात दाखवले होते की अरबी समुद्राचे उसने वयही सर्व काळ एकच राहिलेले नाही.

मग हिशेब असा. दुष्काळाची खूण इ. स. पू. २२००. शहरे मोडण्याचा शेवट, माझ्या जुन्या वहीप्रमाणे १७५०. मधे साडेचारशे वर्षे. एवढ्या अंतराने शहरे मोडली तर दुष्काळाला जबाबदार धरणे अवघड. पण यातला एक आकडा ताळा घेतलेला आणि दुसरा कच्चा. दोन्ही ताळ्यावर आणले की शेवट १९०० ला येतो, अंतर तीनशेवर येते, आणि शहरांची पडझड १९०० च्या आधीच सुरू झालेली असल्यामुळे ते आणखी कमी होते. आता दुष्काळ आधी आणि पडझड नंतर हा क्रम पटण्यासारखा होतो. मात्र समुद्राच्या आकड्यात शंभरएक वर्षांचे उसने वय कमीजास्त झाले तरी दुष्काळ तेवढाच मागेपुढे सरकतो. म्हणून 'दुष्काळाने शहरे मोडली' असे एका दमात सांगायची माझी तयारी नाही. नदीचे पाणी घटणे आणि शहरांचा उतार एकाच दोन-तीन शतकांत आले, इथपर्यंत मी जातो.

हे मी तिला आषाढात लिहून पाठवले. तिचे उत्तर आठ दिवसांनी आले. तिने मुलांसाठी तारखांचा नवा तक्ता केला आहे. पूर्वी त्यात दोनच रकाने होते, स्थळ आणि काळ. आता चार आहेत : स्थळ, मोजलेले वर्ष, ताळा घेतलेले वर्ष, आणि नमुना कशाचा, कोळसा की कवच. खाली तिने विचारले आहे की इनामगाव आणि नेवासे यांच्या तारखांपुढे तिसऱ्या रकान्यात काय लिहू. जुन्या अहवालात नुसते इ. स. पू. दिले आहे, ते कच्चे की ताळ्याचे हे अहवालाच्या आतल्या पानांत पाहावे लागेल. ते अहवाल माझ्याकडे माळ्यावर आहेत. दिवाळीची साफसफाई आटोपली की काढतो.